माईचं जोडवं, दाजींचा करदोडा

एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला, इतवारीतले दाजी गेले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माईचे यजमान. मी नरखेडला बागेत संत्री निवडत होते. खरं सांगू? रडू नंतर आलं. आधी मनात आले ते माईचे पाय... आता ते कोण पुसणार? तुम्ही म्हणाल, माणूस गेला अन् हिला पाय काय सुचतात! पण महिना झाला तरी दाजी आठवले की मला तेच दिसतं.

दाजी भांड्यांवर नावं घालायचे. दिवसभर ठकठक, पण घरात आवाज माईचाच. साठ-सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. मोरीत उभं राहून धुणं-भांडी करता करता माईच्या उजव्या पायाचा अंगठा अन् शेजारचं बोट, दोन्हीची नखं पिवळी पडली. मग जाड झाली, कडेनं भुगा होऊन झडू लागली. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, नखुरडं. अन् नखुरड्याला काय करतात? लिंबू कोरून बोटावर बसवतात. तसं बसवलं, वरून फडकं बांधलं, ते मोरीत भिजायचं, अन् नख आणखीच बिघडायचं. हळदीकुंकवाला गेली की माई लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून बसायची. शेवटी जाणंच सोडलं.

दाजींनी तिला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत होते. त्यांनी नखाचा भुगा खरवडून भिंगाखाली पाहिला अन् म्हणाले, "नखुरडं नाही, बुरशी आहे."

"म्हणजे लोणच्यावर येते तशी?" माईचा चेहरा पडला.

"तशीच. तिला ओल पाहिजे."

दाजी हसले. "आयका! बरणीत ओला चमचा गेला तं गल्ली डोक्यावर घेते, अन् सोताचे पाय दिवसभर मोरीत मुरत घालते!"

डॉक्टरांनी समजावलं. बिघडलेलं नख सुधारत नाही, मागून नवं चांगलं यावं लागतं, पायाच्या अंगठ्याला वर्षाच्या वर लागतं. तोवर गोळी रोज, तूप-पोळीच्या जेवणावर, मधे सोडायची नाही. पाय कोरडे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. नेलकटर वेगळा. हे सगळं माईनं मान हलवून ऐकलं. मग ते म्हणाले, "अन् या बोटातलं जोडवं काढा. त्याच्याखाली पाणी अडकतं."

माई उठलीच. "नख गेलं तं जाऊ द्या. जोडवं नाही निघत."

घरी येऊन दाजी तिच्यापुढे पाट घेऊन बसले.

"काहून नाही निघत वं? मी जिता बसून राहिलो ना तुह्यासमोर!"

"म्हणूनच नाही निघत. असं अभद्र करवत नाही माह्यानं."

दाजींनी तिचा पाय मांडीवर घेतला. मग साबण लावून, हळूहळू फिरवून त्यांनीच ते रुतलेलं जोडवं काढलं अन् आपल्या करदोड्यात ओवलं. "आता हे माह्या कमरेले. कोणी विचारलं तं मले बोलावजो, सदरा वर करून दाखवतो."

"लाज हाय का जराशी!" माई म्हणाली, पण रडता रडता हसली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दाजी पंच्यानं तिची बोटं एकेक करून पुसायचे. आंघोळीनंतर कानस घेऊन जाड नख हलक्या हातानं घासायचे. मी म्हणायची, "दाजी, नाव घालता का नखावर?" नवं नख मुळाशी गुलाबी दिसलं तेव्हा त्यांनी मलाच खिडकीपाशी नेऊन दाखवलं... जसं काही घरात बाळ आलं. नख पूर्ण आलं, तेव्हा त्यांनी तिला सैल जोडवं घडवून आणलं. जुनं काही परत दिलं नाही. म्हणाले, कमरेला सवय झाली.

दाजींना न्यायच्या आधी करदोडा तोडला, अन् कोणीतरी ते जोडवं माईच्या हातात ठेवलं. बायांनी तिच्या पायांतली जोडवी उतरवली, तिनं उतरवू दिली. मूठ मात्र उघडेना. एक म्हणाली, "तेही दे वं माई."

"हे पायातलं नोहे," माई म्हणाली. "हे त्यायच्या कमरेचं हाय. याले तुमचा रिवाज नाही लागत."

परवा मी माईकडे गेले, तर संध्याकाळी मोरीच्या उंबऱ्यावर बसून ती दाजींच्या पंच्यानं आपली आपण बोटं पुसत होती. पंच्याच्या कोपऱ्यात गाठ, गाठीत जोडवं. मी पंचा धुवायला मागितला, तर तिनं तो कोपरा माझ्या हातापासून लांब धरला...

"एवढं सोडून भिजव वं," म्हणाली. "ओल नाही लागली पाहिजे त्याले."