चिखलीच्या फायनलचा वर गेलेला बॉल

आधीच सांगून ठेवतो — भूत, चकवा, करणी यातलं मी काही म्हणजे काहीच मानत नाही. अर्धं आयुष्य जिल्ह्याच्या पेपरात क्रीडा वार्ताहर म्हणून गेलं. अमानवीय असं जे काही पाहिलं ते उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या भाषणात. मोताळ्यापासून मेहकरपर्यंत इतक्या मैदानांची धूळ खाल्लीय, की तिच्या विटा पाडल्या असत्या तर आज माझा दुमजली बंगला असता.

आणि पेपरात माझं नाव? कधीच नाही! कायम 'प्रतिनिधी'. बायको चिडली की "अहो प्रतिनिधी" अशी हाक मारते.

तर मागच्या उन्हाळ्यात चिखलीजवळ टेनिस बॉल क्रिकेटची फायनल होती. डेस्कवरचे साहेब स्वतः फोनवर म्हणाले, "या वेळी पानाची मेन बातमी तुमची. नावासकट. फक्त निकाल संध्याकाळी पान सुटायच्या आत द्या." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो!

मैदान म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेलं सपाट वावर. झाड नाही, विजेची तार नाही, आभाळात ढगाचा तुकडा नाही... हे नीट वाचा, कारण खाली कमेंटमध्ये तुम्ही नेमकं हेच विचारणार आहात. भाजीबाजार इलेव्हन विरुद्ध कापूस मार्केट इलेव्हन. भाजीबाजारला शेवटच्या बॉलवर चार रन हवे. बॅटिंगला गजा — मेथीची जुडी जितक्या मायेनं बांधतो तितक्याच रागानं बॅट फिरवणारा. त्यानं फिरवली, आणि बॉल गेला वर. सरळ वर. आधी लिंबाएवढा, मग हरभऱ्याएवढा, मग मोहरीएवढा... मग दिसेचना.

खाली कीपर सलीम हात पसरून उभा. बाकीचे दहा त्याच्याभोवती. तिकडं गजा आणि त्याचा जोडीदार पळून राह्यले. चार रन पुरे झाले!

"जिंकलो बे!" गजानं बॅट फेकली.

"काऊन जिंकला?" कापूस मार्केटचा कॅप्टन संतोष ओरडला. "बॉल हवेत हाय अजून! सलीम कॅच घेईन, तू आउट, तुये चारही रन गेले!"

"मंग घे ना कॅच!"

"खाली तं येऊ दे!"

तो काही येईना. चहा आला, पब्लिकनं पिला. सलीमला दुसऱ्यानं बशीनं पाजला, कारण त्याचे हात पसरलेलेच. शेवटी दोन्ही टीम अंपायर इंगळे सरांच्या अंगावर गेल्या.

"बॉल हरवला असता तं नियम हाय," सर घाम पुसत म्हणाले. "पण हा हरवला नाही ना बाप्पा, वर हाय! तो आल्याबिगर मी बोट कसं दाखवू?" आणि गर्रकन माझ्याकडं वळले. "भाऊ, तुम्हीच काय ते लिवा. पेपरात येईन ते दोघायलेही मान्य."

घ्या! दोन्ही टीम आता माझ्याभोवती.

"इचार करून लिवजा भाऊ," संतोष प्रेमानं म्हणाला. "तुमची गाडी आमच्याच गल्लीतून जाते."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "निकाल?"

"साहेब, बॉल वर गेला तो खाली आला नाही."

"पिऊन बसलात का?"

"चहाच घेतला साहेब."

"एका टीमचं नाव सांगा! तुमच्या नावासकट पान तयार आहे."

एक शब्द बोलायचा होता. कुठलीही टीम. 'भाजीबाजार' जिभेवर आलंही होतं. पण समोर सलीम... मान आखडलेली, डोळ्यातून पाणी, तरी हात खाली घेत नव्हता. त्याची कॅच मी इथं बसून सोडून देऊ? नाही जमलं. 'चेंडू वर गेला असून वृत्त देईपर्यंत खाली आलेला नाही,' असं लिहून पाठवलं.

सकाळी पेपर उघडला. आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली: 'चिखली (प्रतिनिधी) : टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा उत्साहात संपन्न.' बस्स.

नंतर आम्ही आजूबाजूची सगळी वावरं पालथी घातली. विज्ञानाच्या एका सरांना विचारलं. "असं होतच नाही," म्हणाले. म्हटलं, सर, पण झालं ना! "तरी होत नाही." घार, वावटळ, ड्रोन... सगळं तपासून झालंय, कृपया पुन्हा सुचवू नका. बॉल कुठं गेला, मला आजही सांगता येत नाही.

कप इंगळे सरांच्या घरी फडक्यात गुंडाळून पडलाय. आणि मी कुठल्याही मैदानावर गेलो की कोणीतरी बोंबलतंच — "भाऊ, आला का?"

मी आधी वर पाहतो, मग शिव्या देतो.