पोती कुणावर पडली?

साताऱ्याहून निघताना माझ्याजवळ तीन नग होते: वळकटी, फराळाचा डबा आणि नकाशाची सहा फुटी गुंडाळी. पहिले दोन हरवले असते तरी मी फारशी कुरकुर केली नसती. नकाशा मात्र एसटीत मांडीवर घेऊन बसलो. जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून मला एक खूळ लागलं आहे. गावोगावच्या शाळांतून 'दुसऱ्या महायुद्धातल्या निर्णायक लढाया' या विषयावर व्याख्यानं देत हिंडतो. नकाशा मी स्वतः रंगवलेला. जमिनीवरच्या लढायांना लाल तलवारी, समुद्रावरच्यांना निळे नांगर आणि आकाशातल्यांना काळी विमानं. शेजारी सेनापतींची नावं, ठसठशीत. बायको म्हणते, "एवढा रंग घराला दिला असता तर दिवाळी तरी साजरी दिसली असती."

या खेपेचं बोलावणं लातूरहून होतं. माझा जुना विद्यार्थी अरविंद तिथल्या जिल्हा कचेरीत कारकून आहे. लातूर जिल्हा नवा कोरा. उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झालेला. स्टँडवर उतरलो तर रस्त्यातल्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं घातलेलं, आणि खरवडल्या जागी जुनी अक्षरं अजून वाचता येत होती. नळाच्या कोंडाळ्यापाशी घागरींची रांग होती. घागरी होत्या, माणसं सावलीला बसली होती आणि टँकरचा पत्ता नव्हता.

"सर, जिल्हा झाला. आता पाणी तेवढं आलं की झालं," अरविंद म्हणाला. लॉजवाल्यानं एक बादली पुढ्यात ठेवली आणि हात जोडले. "हीच आंघोळ, हेच पाय धुणं. नाराज होऊ नका साहेब." मी तोंड धुतलं, पंचा ओला करून अंग पुसलं आणि उरलेल्या पाण्याकडे बघत बसलो. ते टाकायला जीव होईना, म्हणून तसंच झाकून ठेवलं.

सकाळी न्याहारीला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार) खाल्ला. हिरवी मिरची अशी काही लागली की मी भर दुष्काळात दोन पेले पाणी प्यालो आणि ओशाळलो. लातूरची दोन व्याख्यानं झकास झाली. मग अरविंदनं मला अहमदपूरच्या गाडीत बसवलं. बेत साधा होता. अहमदपूरला एक व्याख्यान, मुक्काम, पुढे नांदेडला एक, आणि त्याच रस्त्यानं परत.

अहमदपूरपर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन, भेगाळलेली. काही ठिकाणी रोजगार हमीवर बाया खडी फोडत होत्या. कुणी गाडीकडे मान वर करूनही बघत नव्हतं.

शाळेत हेडमास्तरांनी मोंढ्यातून (धान्याच्या बाजारातून) एक हमाल बाकं हलवायला बोलावला होता. साठीच्या पुढचा गडी, डोक्याला टॉवेल, खांदा एका बाजूला उतरलेला. काम झाल्यावर तो गेला नाही. दारात उभा राहून ऐकत होता. मी रंगात आलो होतो. छडी इंफाळवर टेकवून म्हणालो, "मुलांनो, इथली लढाई आकाशातून जिंकली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानातून धान्य पोचवलं. तांदळाची पोती छत्रीशिवाय, नुसती खाली टाकायची!"

दारातून आवाज आला, "गुर्जी, ती पोती खाली कुणाला लागली का हो?"

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो, आणि वर म्हणालो, "लागली असतील एखाद्याला. त्यानं लढाईचा निकाल बदलत नाही." माझं वाक्य मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर तो माझी वाट बघत उभा होता. त्यानं नाव सांगितलं, गंगाराम. नकाशाची गुंडाळी माझ्या हातातून घेतली आणि बाकावर शेजारी बसला.

"मोंढ्यात काम नाही का आज?" मी विचारलं.

"माल असंल तर काम. पाऊस न्हाई, माल न्हाई. समदे बसून राहिलेत." मग म्हणाला, "गुर्जी, ती पोती म्याच ढकलीत व्हतो."

मी ताठ झालो. तरुणपणी तो सोलापूरला गिरणीत काम बघायला गेला होता, तिथं भरती चालू होती. बंदूक मिळेल वाटलं होतं, मिळाली पोती. "एका पोत्यात दुसरं पोतं घालायचं. आतलं फुटलं तरी भाईरचं तांदूळ धरून ठेवतंय. आजबी मोंढ्यात फाटकं पोतं आलं की म्या तसंच करतो. लोक हसतेत." विमान झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, दार काढून टाकलेलं. पाठीवर निजून दोन्ही पाय पोत्याला लावायचे. "घंटी वाजली की ढकलायचं. इचार करायचा न्हाई. इचार केला तर माल दुश्मनाकडं."

"मग?"

"एके दिशी घंटी वाजली आन् म्या खाली बघितलं. दोन माणसं भाईर पळत आली. आपलीच. एक हात हालवीत व्हता. म्या ढकललं." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "विमान वळलं. परत एकच माणूस दिसला. दुसरा झाडात गेला का खाली पडला, तवापासून ठाव न्हाई. बायकोला बी सांगितलं न्हाई. तुमी एवढं नकाशे करता, म्हणून काल इचारलं."

आदल्या दिवशीचं माझं हसणं आठवून माझा मलाच राग आला. नांदेडच्या व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून एक सुभेदार येणार होते, इंफाळच्या टेकड्यांवर लढलेले. मी ते गंगारामला सांगितलं. त्यानं माझा हात धरला. "मंग त्यास्नी एवढं इचारा. काय असंल ते. चांगलं असू द्या, वाईट असू द्या." परवा सकाळच्या गाडीनं परत येतो, असं मी त्याला सांगितलं. "हाव, हितंच बसलेला आसन," म्हणाला, आणि गाडी हलताना त्यानं 'जयभीम' केला.

नांदेडला गोदावरीचं पात्र पाहून वाईट वाटलं. पुलावरून खाली पाहिलं तर वाळू, वाळूत खणलेले झरे आणि त्यात वाटीवाटीनं पाणी भरणारी माणसं. सुभेदार हणमंतरावांचं घर शहराबाहेर, विष्णुपुरीला. तिथं धरणाचं काम चाललं होतं. रोज सकाळी भिंत किती वर आली ते बघून येणं हा त्यांचा परिपाठ. "कवायत समजा," ते म्हणाले. "धरण पुरं होईपर्यंत मरायचं नाही असं ठरवलंय."

व्याख्यान झालं. सुभेदारांनी माझ्या तीन तारखा दुरुस्त केल्या, त्याही भर सभेत. मग त्यांच्या ओसरीवर चहा घेताना मी गंगारामचा प्रश्न घातला.

त्यांनी कप खाली ठेवला.

"तीन दिवस पोटात काही नव्हतं," ते म्हणाले. "विमान दिसलं की माणसाला भान राहतं का? आमचे दोघं पळाले. एक पोतं आमच्या लंगऱ्याच्या (स्वयंपाक्याच्या) छातीवर बसलं. जागच्या जागी गेला."

"ते पोतं गंगारामचंच होतं का?"

"कसं सांगू? विमानं लई, टेकड्या लई. असेल. नसेल." त्यांनी धोतरानं डोळे पुसले, लपवलं नाही. "त्या दिवशी वरच्यांना आम्ही आईमाईवरून शिव्या घातल्या. अन् मग त्याच पोत्यातला तांदूळ शिजवला. त्याच्यावर पुढचे दोन दिवस काढले. तुम्ही त्या माणसाला खरं तेच सांगा. खोटं सांगाल तर ओळखेल. आणि सांगा, तांदूळ खाल्ला आम्ही."

परतीच्या गाडीत मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. 'असेल, नसेल' हे आधी सांगावं की 'तांदूळ खाल्ला' हे आधी? अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबणार होती. गंगाराम त्याच बाकावर होता, दाढी केलेला, धुतलेला सदरा घालून. माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. जसं ऐकलं तसं सांगून टाकलं.

तो जमिनीकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "नाव काय हो त्यांचं?"

मी विचारलंच नव्हतं. अर्ध्या जगाच्या सेनापतींची नावं मला पाठ, पाणबुड्यांची नावं पाठ, आणि जो माणूस पोत्याखाली गेला त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं! इतकी शरम मला शाळेत असताना छडी खाऊनही वाटली नव्हती.

"विचारायचं राहिलं, गंगाराम," मी म्हणालो.

तो रागावला नाही. "मंग जाऊन इचारावं लागंल," एवढंच बोलला.

कंडक्टरनं लातूर, लातूर म्हणून हाका मारल्या. मी टपावरून वळकटी उतरवून घेतली. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, पुढची गाडी दुपारी हाय." मी म्हटलं, "असू दे." आणि आम्ही दोघं समोर लागलेल्या नांदेडच्या गाडीत बसलो. दोन तास गंगारामनं नकाशा मांडीवर आडवा धरला होता.

विष्णुपुरीला पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मला परत आलेला पाहून सुभेदार चकित झाले. मी ओळख करून दिली. गंगाराम पायरीवरच बसला.

"तिथं काय बसता? वर या," सुभेदार म्हणाले. "ज्यांनी टाकलेला भात आम्ही खाल्ला त्यांना पायरीवर बसवू काय?"

गंगाराम वर आला, पण बसला नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "सायब, त्यांचं नाव?"

"दगडू," सुभेदार म्हणाले. "साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. या मास्तरांच्याच जिल्ह्यातला."

मी मान खाली घातली.

"दगडू," गंगाराम म्हणाला. मग तो रडला. भिंतीला हात टेकून, मोठ्यानं, सुभेदारांची सून दारातून बघतेय याची पर्वा न करता रडला. सुभेदार उठले आणि त्याच्या उतरलेल्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "घंटी वाजली होती ना?" त्यांनी विचारलं. गंगारामनं मान हलवली. "मग झालं तर. थांबला असतास तर आम्ही सगळेच गेलो असतो."

सूनबाईंनी ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा, आणि माणशी पेलाभर पाणी. जेवताना सुभेदार एकदाच त्या विषयावर बोलले. "त्या दिवशी भात दगडूच करणार होता. मग मी केला. कच्चा राहिला."

उन्हं कलताना आम्ही निघालो. गाडीत गंगारामनं गुंडाळी माझ्यापुढे धरली. "लिव्हा यात." मी म्हणालो, घरी जाऊन नीट रंगानं लिहितो. "आत्ता लिव्हा. घरी जाऊन इसरसाल." माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखं मी काही केलंही नव्हतं. हलत्या गाडीत, पेन्सिलीनं, इंफाळच्या काळ्या विमानाखाली मी लिहिलं. त्याला अक्षरं लागत नव्हती. त्यानं एकेका अक्षरावर बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतलं. अहमदपूरला उतरताना त्यानं माझ्या पायांना हात लावायला वाकल्यासारखं केलं. मी त्याला धरलं आणि उराशी कवटाळलं.

साताऱ्याला येऊन बरेच महिने झाले. बायकोनं नकाशा पाहिला आणि म्हणाली, एवढी वाकडी अक्षरं रंगवून नीट का करत नाही? मी केली नाहीत. तशीच राहू दिली आहेत. परवा माण तालुक्यातल्या एका शाळेत व्याख्यान होतं. नकाशा उलगडला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, हे दगडू कुठले सेनापती?"

"इथलेच," मी म्हणालो. "सेनापती नव्हते, बाळ. त्या दिवशी भात ते करणार होते."