काकांना आयडी कसा मागायचा

"काकांना आयडी कसा मागायचा, बाबा?" पोलीस येऊन गेले त्या दिवशी नकुलने एवढंच विचारलं होतं.  त्याला आता दोन वर्षं झाली.

नकुल चार वर्षांचा असताना सगळं कुटुंब नागपूरहून अमेरिकेत आयसेलिनला आलं. प्रताप आयटीतला, मुलगाही त्याच वाटेने जाईल, असं त्याने धरून ठेवलं होतं. मुलगा कुलपं उघडायला शिकला. परवाना काढला, व्हॅन घेतली. "अमेरिकेत आणून किल्लीवाला केला," असं प्रताप लोकांना हसून सांगायचा आणि घरी आल्यावर गप्प बसायचा. पण किल्ली आत विसरलेलं प्रत्येक मराठी घर नकुललाच फोन करी.

तसा सुमंतकाकांनी केला. लहानपणी त्याला मराठी शाळेत सोडणारे काका. "किल्ली आतच राहिली बघ रे," ते दारात उभं राहून म्हणाले. आधी ओळखपत्र बघायचं, मगच कुलपाला हात लावायचा, असा नियम होता. नकुलने वाकून नमस्कार केला आणि दोन मिनिटांत दार उघडून दिलं. काकूंच्या तक्रारीवरून कोर्टाने काकांना त्या घरात पाऊल ठेवायला मनाई केली होती, हे त्याला कोण सांगणार? काकूंचे दागिने गेले. कागदावर चोर दोन झाले.

वकील म्हणाला, गुन्हा कबूल केला तर एका वर्षाची शिक्षा, पण स्थगित; तुरुंगात जायला नको. नकुलला लढायचं होतं. प्रताप कोर्टाच्या खेपांना कंटाळला होता.

"कबूल कर आणि मोकळा हो," तो म्हणाला.

नकुलकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. त्या एका कबुलीवर कार्ड गेलं आणि देश सोडायचा हुकूम आला.

आज सकाळी नकुलची बहीण निधी बाहेर गाडी सुरू करून बसली होती. त्याची आई नंदा बॅगेत लोणच्याची बरणी कोंबत होती.

"अगं, नागपूरला कुणी लोणचं नेतं का?" प्रताप म्हणाला.

"तिथे त्याला कोण वाढणार आहे?"

नकुल पुढच्या दारापाशी गुडघ्यांवर बसून बिजागरीचे स्क्रू पिळत होता. ते दार कित्येक वर्षं खांदा लावल्याशिवाय बंद होत नसे.

"राहू दे रे. आता कशाला?"

"फाइव्ह मिनिट्स, बाबा."

"हत्यारं घेतलीस?"

"लॉयर नको म्हणाला. बॅगेत दिसली तर अजून क्वेश्चन्स." त्याने मान वर केली नाही. "तिकडे मिळतील ना? फुटपाथवर बसतात ना ते, किल्लीवाले?"

प्रताप उभाच राहिला. 'तुमची चूक नव्हती,' एवढं मुलाने एकदा म्हणावं, म्हणून तो महिनाभर त्याच्या मागेमागे घरात फिरत होता.

नकुल उठला. स्क्रूड्रायव्हर त्याने वडिलांच्या हातात दिला आणि आईच्या पाया पडला.

"नकुल," प्रताप म्हणाला, "त्या दिवशी मी तुला कबूल कर म्हणालो, ते…"

नकुल त्याच्यासमोर थांबला. वाकणार, असं वाटलं. मग त्याने खाली हात नेला, बॅग उचलली आणि बाहेर पडला. दार त्याच्यामागे आवाज न करता लागलं.