उशिरा येणारं हसू

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या शहराच्या पावर हाउस भागातल्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी माझं नेहमीचं नाटकी भांडण करत होतो. "बरं," म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि भांडण पूर्ण केलं. घरी येऊन कोथिंबीर निवडली. महिना झाला. लोकांना हसवण्यात हयात घालवलेल्या माणसाला रडता येईल असं वाटलं होतं... अजून आलेलं नाही.

इथल्या हिंदी मुलखातल्या आमच्या विद्यापीठात ती कॉम्प्युटर शिकवायची, मी इतिहास. टाळेबंदीत वर्ग एकाएकी ऑनलाइन गेले आणि आम्हा पन्नाशीतल्या प्राध्यापकांना तयार करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. बटणं मी शिकलो. पण माझं शिकवणं चालायचं समोरच्या चेहऱ्यांवर, आणि इथे सगळे कॅमेरे बंद. नुसते काळे चौकोन. विनोद करावा तर पुढे स्मशानशांतता. शेवटी मी राजीनामा लिहायला घेतला. तिला फोनवर म्हटलं, "भिंतीपुढे नाटक होत नाही, प्रज्ञा."

"एक प्रेक्षक पुरते का जी तुमाले?"

दुसऱ्या दिवशी एक चौकोन उजळला. स्मृति नगरातल्या स्वयंपाकघरात बसून ती मेथी निवडत होती आणि माझ्या विनोदांना हसत होती. नेटवर्क कमजोर, त्यामुळे हसू जरा उशिरा पोचायचं, आणि इतिहासात ओ की ठो कळत नसल्यानं भलत्याच जागी. एकदा मी बादशहाचा दरबार भरवला, तलवार म्हणून झारा उपसला, आणि ती म्हणाली, "सर, आवाज बंद हाये तुमचा. मघापासून."

मी आवाज चालू केला. "मग सांगितलं कावून नाही?"

"मले मजा येऊन राहिली होती ना!"

यावर अहिवारा गावातून वर्गाला बसणारी एक मुलगी फिसकन हसली. तिचा कॅमेरा उघडला. मग आणखी कुणाचा. बघतो तो प्रज्ञाचा चौकोन गायब! तासानंतर फोन केला तर म्हणे, "तुमचं जमलं न आता. केमिस्ट्रीच्या मॅडमपाशी बसते जरा. त्याबी भिंतीशीच बोलून राहिल्या."

राजीनामा अर्धाच राहिला.

जादा तास मी अजूनही ऑनलाइन घेतो. आता सगळे चेहरे दिसतात, हसतातही वेळेवर. तरी विनोद झाला की मी थांबतो, तिचं हसू पोचायला लागायचा तेवढा वेळ. नेटवर्क अडकलं असं वाटून परवा एका मुलानं विचारलंच, "सर, अटक गए क्या?"

"हां," म्हणालो, आणि पुढचं वाक्य घेतलं.