सातबाऱ्यावरची बोरं

आमच्या सातबाऱ्यावर आजही बोराची झाडं आहेत. त्या शेतात बोराचं एक झाड कधी नव्हतं.

फौजेतून सुटून येताना काकांनी सफरचंदाची पाच रोपं आणली होती. गरम हवेतही फळ धरणारी नवी जात. रेणापूरच्या बाजारात लोक माझ्या वडिलांना, आप्पांना, विचारायचे, "काय आप्पा, बर्फ कधी पाडताव?" तिसऱ्या वर्षी फळं लागली. लहान, पिवळसर, एका गालावर लाली. मग हसणारेच पोरंबाळं घेऊन बघायला आले.

तलाठी पिकं नोंदवायला आले ते बांधावरच थांबले. आप्पा म्हणाले, सेब हाय. लातूर जिल्हा नवा झाला होता, पण छापील यादी जुन्या जिल्ह्याचीच, आणि तिच्यात सफरचंद नव्हतं. "गोलच फळ आहे ना? बोर लिहितो. काय फरक पडतो?" आप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा दिला.

फरक दुष्काळात पडला. गावासाठी आमची विहीर सरकारनं ताब्यात घेतली. त्याची तक्रार नव्हती, माणसं आधी. पण ज्याची फळबाग आहे त्याला झाडांपुरतं पाणी ठेवायची मुभा होती, ती आम्हाला नाकारली. कागदावर कारण होतं: बोरीला पाणी लागत नाही.

मी गावातली पहिली बी.ए. झालेली. अर्ज मीच लिहिला आणि त्या वर्षी धरलेली दोनच फळं फडक्यात बांधून जिल्ह्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी एक फळ फिरवून पाहिलं, वास घेतला आणि माझ्यासमोर खाल्लं. दुसरं कारकुनाकडे सरकवलं. तोंड पुसून म्हणाले, "गोड आहे. पण तुमच्याच शेतातलं कशावरून? काश्मीरचं असेल."

मी म्हणाले, "साहेब, देठाला हिरवं पान होतं. काश्मिरातून इथपर्यंत ते हिरवं राहिलं असतं का?"

त्यांनी तो देठ केराच्या टोपलीत टाकला. म्हणाले, जुन्या जिल्ह्यातून दप्तर येऊ द्या, मग दुरुस्ती बघू. आणि एवढ्या शिकलात तर नियम वाचत जा. नियम मी वाचूनच गेले होते. शंका असेल तर शेतावर जाऊन पाहावं, असं त्यात लिहिलेलं होतं. तेही मी त्यांना सांगितलं. कुणी आलं नाही. पदवी घेऊन मी त्या खोलीत अंगठ्याइतकीच मुकी ठरले, हा राग अजून गेलेला नाही.

माय भांड्यांचं, अंघोळीचं पाणी घालत राहिली. चार झाडं वाळली. एक जगलं.

पाऊस झाल्यावर दुसऱ्या वर्षी ते लालीनं भरलं. तलाठी पुन्हा आले, या खेपेला बांध ओलांडून थेट झाडाखाली. फांदीकडे बघत म्हणाले, एखादं चाखवा की आप्पा.

आप्पांनी त्यांना पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, बोरं अजून पिकली न्हाईत."