साडेबाराचा समुद्र

हवामान वाचणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साचतात, हे मला कधी कोणी विचारत नाही. सगळे एकच विचारतात, "उद्या पाऊस हाय का?" पण साचतात खरे. गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ साचतं ना, तसे. आज झटकले तर उद्या पुन्हा तेवढेच!

आमचं रेडिओ केंद्र लहानसं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ऐकू येतं, पुढे नुसती खरखर. जुन्या शाळेच्या दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेले जाड पडदे, आणि आत आम्ही दोघं. माईकपुढे मी आणि काचेच्या पलीकडे यंत्रं सांभाळणारे विलासराव. मी तीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झाले. आता रोज दुपारी साडेबाराला पाच मिनिटं हवामान वाचते. शेतातली माणसं त्या वेळी झाडाखाली भाकरी सोडतात आणि मोबाइलवर रेडिओ लावतात. तालुक्यात माझं नाव पडलंय 'हवामानबाई'. पाऊस चांगला पडला तर तो देवाचा, गारा पडल्या की त्या माझ्या!

यंदा होळी यायच्या आधीच ऊन असं तापलं की दुपारी रस्ते पाण्यासारखे हलायला लागले. आंब्याचा मोहोर करपला, कोकिळा भलत्याच वेळी ओरडायला लागली. पश्चिमेला नाणेघाटाकडे रोज पांढरट धूसर काहीतरी दिसायचं. ढग नाही, धूर नाही. मी खिडकीत उभी राहून ते बघत बसायची आणि विलासराव काचेवर टकटक करायचे, "बाई, साडेबारा!"

• • •

विलासरावांचा स्वतःचा हवामान विभाग होता. उजवा गुडघा. मोटारसायकलवरून पडले तेव्हापासून पावसाच्या आदल्या दिवशी तो ठणकायचा. हवामान खात्याचा अंदाज मेलवर आला की मी वाचायला घ्यायची आणि ते गुडघा चोळत म्हणायचे, "वाचा तुमी. पण आमच्याकडं काय न्हाई अजून."

आणि राव, दहातल्या सात वेळा गुडघा बरोबर यायचा! लोक केंद्रावर फोन करून विचारायचे, "बाईंचं राहू द्या. विलासरावांचं काय म्हननं?"

मागच्या वर्षी पुण्याला जाऊन त्यांनी गुडघा बदलून घेतला. महिन्याने कामावर आले, खुर्चीत बसले आणि पडेल चेहऱ्याने म्हणाले, "बाई, आता तुमच्यावरच भरवसा. आपलं केंद्र बंद पडलं!"

• • •

पारगावचे एक वधूपिता. मुलीचं लग्न ऐन या उकाड्यात. आठ दिवस आधी केंद्रावर हजर. "बाई, पाऊस हाय का न्हाई, तेवढं ठाम सांगा."

मी सांगितलं, "अंदाज आहे. तुरळक ठिकाणी, मेघगर्जनेसह."

त्यांनी कापडी मांडव रद्द केला आणि पत्र्याचा घातला. लग्नाच्या दिवशी आभाळ स्वच्छ निळं! वर पत्रा, खाली सहाशे पाहुणे आणि मध्ये ऊन. व्याही मंडळी उपरण्याने वारा घेत होती. भटजींनी मंगलाष्टकं अशी पळवली की 'सावधान' म्हणेपर्यंत हार पडलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा केंद्रावर. "बाई, पाऊस कुठाय?"

पाऊस न पडल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मी माफी मागितली. तिसऱ्या दिवशी, शेवटचा पत्रा उतरवल्यावर, तो पडला.

• • •

बोरी बुद्रुकचे दत्तूभाऊ म्हणजे आमचे रोजचे श्रोते. कांदा करतात. अंदाज संपला की दोन मिनिटांत त्यांचा फोन. "तुरळक ठिकाणी" या शब्दांवर त्यांचा फार राग.

एकदा म्हणाले, "बाई, गेल्या तीन वर्षांत जितक्यांदा तुमी तुरळक ठिकाणी म्हनला, तितक्यांदा ते ठिकाण माझंच वावर निघालंय. तुमी सरळ माझं नाव घेऊन सांगत जावा की!"

याच दत्तूभाऊंनी समुद्राचं प्रकरण काढलं. खात्याचा अंदाज नेहमी कोकणापासून सुरू होतो. कोकण किनारपट्टी उष्ण आणि दमट, समुद्र खवळलेला की शांत, मच्छीमारांनी जावं की जाऊ नये. मग घाट चढून आमच्याकडे येतो. दत्तूभाऊ म्हणाले, "आमाला समुद्राचं काय करायचं? पाच मिन्टातली दोन मिन्टं पान्यात जात्यात. ती आमच्या कांद्याला द्या!"

मला पटलं. आणि खरं सांगू? मनात थोडी लाजही होती. तीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर अरबी समुद्र निळ्या खडूने रंगवला, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. मुंबईला दोनदा गेले, एकदा लग्नाला आणि एकदा दवाखान्यात. समुद्र दोन्ही वेळा राहून गेला. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल रोज ठणकावून बोलायचं, ते एकदाचं सुटेल असं वाटलं. सोमवारपासून मी समुद्र काढून टाकला.

• • •

गुरुवारी दुपारी केंद्राच्या दारात एक बाई उभ्या. साठीच्या, डोक्यावर पदर, बोटाला शिवणकामाची टोपी तशीच. जुन्नरहून एसटीने आल्या होत्या. रझियाआपा. साड्यांना फॉल-पिको करतात. मशिनशेजारी रेडिओ ठेवून रोज आमचं केंद्र ऐकतात.

पाणी घेतलं नाही, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुमी समुंदर का काढला?"

मी म्हटलं, "आपा, इथे कोणाला लागतो समुद्र?"

"मला लागतो."

मग समजलं. त्यांचा इम्रान जुन्नरला शेतीचे पंप दुरुस्त करायचा. कोणीतरी त्याला कोकणात नेलं, बोटीचं इंजिन सांभाळायला. आता तो बोटीबरोबर आत जातो. चार-चार दिवस फोन लागत नाही. "कुकडीत कंबरेएवढ्या पान्यात रडायचा बाई, असं पोर! त्याला पोहायला येत न्हाई. बोट आत असली की मी साडेबाराला मशिन थांबवते. तुमी 'समुद्र शांत' म्हनला की पुढची साडी घेते. सोमवारपासून चार साड्या तशाच पडल्यात."

मी विचारलं, "तुम्ही पाहिलाय समुद्र?"

"न्हाई. तुमी?"

"नाही."

काचेपलीकडे विलासरावांनी उगाचच एक बटण पुसलं.

शुक्रवारी साडेबाराला मी समुद्र परत घातला. दत्तूभाऊंचा फोन आला तेव्हा त्यांना कारण सांगितलं नाही. फक्त विलासरावांना ठाऊक होतं, त्यामुळे रविवारपर्यंत दोन्ही तालुक्यांना कळलं!

• • •

त्यानंतर काय झालं कोण जाणे, सगळा मुलूखच समुद्राचं बोलायला लागला. भर उन्हात, जिथे मैलोन्‌मैल नुसता ऊस आणि कांदा, तिथे बायका एकमेकींना विचारायच्या, "आज कसा हाय गं?" आणि दुसरी म्हणायची, "शांत हाय म्हनं."

ओझरला दर्शनाला गेले होते. देवळाबाहेर हार विकणाऱ्या मावशींनी मला ओळखलं. पैसे न घेता एक जास्तीची जुडी दूर्वा हातात कोंबली. म्हणाल्या, "ही त्या बोटवाल्या पोराच्या नावानं वाहा."

दत्तूभाऊ तर कमालच. त्यांनी मेळ बसवला की समुद्र खवळला की दोन दिवसांनी आपल्याकडे वारं-वादळ येतं. 'खवळलेला' ऐकलं की घरात हाक जायची, "अगं, ताडपत्री टाक कांद्यावर!" 'शांत' ऐकलं की, "काढ गं!" त्यांच्या बायकोने मला एकदा फोनवर सांगितलं, "बाई, तुमचा समुद्र एकाच मूडमधी ठेवा थोडं दिवस. माझे हात गळून आले!"

आणि एका दुपारी वारा फिरला. पश्चिमेकडून, ओलसर. मी वाचून बाहेर आले तर विलासराव अंगणात डोळे मिटून उभे. म्हणाले, "बाई, वास घ्या. समुद्र!"

खरंच येत होता. खारा, ओला, दूरचा. मी भिंतीला टेकले. इतक्या वर्षांनी तो आपणहून घाट चढून भेटायला आलाय असं वाटलं. आम्ही दोघं किती वेळ तसेच उभे होतो, कोण जाणे.

केंद्रामागच्या विलासरावांच्या घरातून वहिनी ओरडल्या, "अहो, जेवायला येताय का? बोंबील भाजलेत!"

• • •

मग तो दिवस आला. उकाडा इतका की माईकच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. खात्याचा मेल उघडला. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र. सोसाट्याचे वारे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. गेलेल्यांनी त्वरित किनाऱ्यावर परतावे. आणि आपल्याकडे तुरळक ठिकाणी गारपीट.

इम्रानची बोट आदल्या दिवशी आत गेली होती. हे मला ठाऊक होतं, कारण सकाळीच आपांनी फोनवर सांगितलं होतं. मी वाचलं. "त्वरित" या शब्दापाशी माझा आवाज हलला. शाळेत इतकी वर्षं वर्ग घेतले, कधी हलला नव्हता.

बारा पस्तीसला फोन. "बाई, कागदावर अजून काय लिवलंय? खरं सांगा."

"एवढंच लिहिलंय, आपा. शप्पथ."

"मग आवाज हलवू नका. मी शब्दावर न्हाई जात, तुमच्या आवाजावर जाते."

दुसऱ्या दिवशी मी टेबलाची कड घट्ट धरून वाचलं. काचेपलीकडून विलासरावांनी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, "पाणी प्या." मी प्यायले आणि पुन्हा सुरू केलं. समुद्र अतिशय खवळलेला राहील. आवाज हलला नाही. अजून आश्चर्य वाटतं.

त्या दुपारी तीन वाजता आमच्याकडे गारा आल्या. लिंबाएवढ्या. केंद्राच्या पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं ऐकू येईना. दत्तूभाऊंचा कांदा वाचला. ताडपत्री आदल्या दिवशीच टाकलेली होती. त्यांचा फोन आला, पण कांद्याचं एक अक्षर बोलले नाहीत. विचारलं, "बाई, आपाचं पोरगं?"

"काही कळलं नाही, भाऊ."

"बरं. मी ताडपत्री तशीच ठेवतो. त्यो येईस्तोवर."

तिसऱ्या दिवशी खात्याने लिहिलं, समुद्र मध्यम स्वरूपाचा राहील. मी वाचलं. आपांचा फोन आला नाही. मी लावला, कोणी उचलला नाही. दुपारभर मी त्या पांढरट क्षितिजाकडे बघत बसले आणि पहिल्यांदाच समुद्राचा राग आला.

• • •

चौथ्या दिवशी सव्वाबाराला फोन वाजला. मी कागद हातात घेऊन माईकपुढे बसायच्या बेतात होते. विलासरावांनी उचलला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला.

आपा होत्या. म्हणाल्या, "बाई, आज समुंदर वाचू नका."

खुर्ची शोधली, सापडली नाही. टेबलावरच टेकले. "का हो, आपा?"

पलीकडे ताटलीचा आवाज आला. मग नळाचा. मग आपा हळूच, कुणी झोपलेलं जागं होऊ नये तशा बोलल्या, "सकाळच्या गाडीनं आला. बोट दुसऱ्याच बंदराला लागली व्हती, मोबाइल भिजला. आता जेवायला बसलाय. मी पुढ्यातच बसलेय. त्याच्या तोंडात घास हाय तोवर मला समुंदर ऐकायचा न्हाई."

विलासराव काचेकडे पाठ करून उभे राहिले. मी साडेबाराला माईक उघडला आणि कोकण सोडून सरळ जुन्नरपासून सुरुवात केली. तापमान, वारा, आभाळ निरभ्र. तीन मिनिटांत संपलं. उरलेली दोन मिनिटं आम्ही नुसती सनई लावून ठेवली.

फोन सुरू झाले. पारगावहून, ओझरहून. सगळ्यांचं एकच, "बाई, समुद्र कुठं गेला आज?" शेवटी बोरीहून दत्तूभाऊ.

"बाई, समुद्राचं काय झालं वो?"

"जुन्नरला जेवायला बसलाय, भाऊ."

मग फोन तोंडापासून लांब नेऊन त्यांनी घराकडे अशी आरोळी ठोकली की माझ्या कानठळ्या बसल्या.

"अगं ए, काढ गं ती ताडपत्री!"