वरच्या गावचा खराटा

“ओढ्याच्या अलीकडचं सगळं वरच्या गावचं, ओगावा-सान! सगळं! माझं स्वयंपाकघर, माझी पडवी, माझा हा मुळासुद्धा!” देवधरकाका एवढ्या जोरात ओरडत होते, की कचऱ्याच्या जाळीवरचे कावळे उडाले ते थेट ओसाकात जाऊन टेकले असावेत. समोर गल्लीच्या प्रमुख ओगावाबाई काकांचीच कचऱ्याची पिशवी हातात धरून शांत उभ्या होत्या. काका श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, “बाटल्यांची बुचं वेगळी टाकायची, देवधर-सान.”

माझी आणि काकांची ही शेवटची भेट. पुढच्याच महिन्यात काकूंचा फोन आला... झोपेतच गेले म्हणाल्या. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा माणूस गप्प कसा काय गेला?

नागोयाच्या मोटारकारखान्यात मी काकांच्या हाताखाली शिकलो. निवृत्तीनंतरही बरीच वर्षं कंपनी त्यांना सल्ल्यासाठी धरून होती. ती सुटली तेव्हा शहाण्या माणसाने पुण्यात फ्लॅट घेतला असता; काकांनी डोंगरातलं एक रिकामं घर घेतलं. काकूंनी आठवडाभर अबोला धरला आणि मग अंगणात कोथिंबीर पेरली.

त्या खोऱ्यात पूर्वी एक तालुका होता. त्यात वरचं गाव आणि खालचं गाव. विलीनीकरणात शेजारच्या शहराने दोन्ही गावं पोटात घातली आणि तालुका नकाशावरून पुसला गेला. “अरे, अख्खा तालुका गिळला आणि ढेकरसुद्धा दिली नाही!” काका असे हळहळत, जणू देवधरांची देशमुखीच बुडाली होती. मग गावच्या गरम पाण्याच्या हौदात, गळ्यापर्यंत बुडून, म्हाताऱ्यांकडून त्यांनी तालुक्याचा सगळा इतिहास काढून घेतला. वरच्यांनी लाकूड तोडायचं, खालच्यांनी ते नदीतून वाहून न्यायचं, आणि वाटेत ओंडके कमी कसे होतात यावरून दोघांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडायचं. काकांच्या तोंडी तो ओंडका दरवेळी वाढत गेला. शेवटी शेवटी त्याचं टोक खालच्या गावी पोचलं तरी वरच्या गावात बुंधा तोडायचाच बाकी असे!

पण त्या गमतीखाली एक दुखणं होतं. जुन्या नकाशात दोन गावांची सीमा काकांच्या घरातून जायची. स्वयंपाकघर वरच्या गावात, न्हाणीघर खालच्या. आणि वरच्या गावची रीत अशी, की कचऱ्याची जागा दर आठवड्याला एकेका घराने झाडायची. दाराशी खराटा येऊन उभा राहिला, की तुमचा नंबर. तो खराटा काकांचं दार वगळून पुढे जाई. दरवेळी.

“उपरा समजतात रे मला,” एकदा ते हळू आवाजात म्हणाले. काका हळू बोलले की मला धडकी भरायची. “इतकी वर्षं या देशात काढली, कुणाचं तरी गाव आपलं नको का?”

म्हणून तो सगळा इतिहास. आपण वरच्या गावचेच, हे पटवायला कचऱ्याच्या प्रत्येक दिवशी ओगावाबाईंना एक प्रकरण, सोबत काकूंच्या चकल्या. बाई चकल्या घेत, प्रकरण ऐकत, बुचं काढत.

परवा काकूंना भेटायला गेलो, तर ओगावाबाई खराटा घेऊन शेजारी निघालेल्या. काकूंनी आयुष्यात काका सोडून कुणाला जाब विचारला नव्हता. त्या फाटकातून बाहेर पडून आडव्या उभ्या राहिल्या.

“आमच्याकडे एकदाही का नाही दिलात?”

“सत्तरीपुढच्या आपल्या माणसांना आम्ही झाडायला लावत नाही,” ओगावाबाई म्हणाल्या. “तुम्ही राहायला आलात, तेव्हाच ते सत्तरीपुढचे होते.”

मीच विचारलं, “मग हे त्यांना कधी सांगितलं का नाही?”

“त्यांनी विचारलं नाही,” ओगावाबाई म्हणाल्या. “ते इतिहास सांगायचे.”